भागोजी पेंटरचा पडदा

बाजारपेठेत एक मुलगी भिंतींचे फोटो काढत हिंडतेय, ही बातमी भागोजी पेंटरला गुरुवारी सकाळी सुनीलच्या हॉटेलात चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मिळाली, आणि तो घोट त्याला गोड लागला नाही.

"भिंतींचे म्हंजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे तुमच्याच भिंतींचे, पेंटर," सुनील म्हणाला. "काल गिरणीच्या भिंतीसमोर पाऊण तास उभी होती. मग खाली बसून कोपऱ्यातल्या तुमच्या नावाचा फोटो काढला. अगदी जवळून."

महाडात भिंतीकडे पाऊण तास कुणी बघत नाही. बघितलंच तर तो रस्ता रुंद करायला आलेला असतो, नाहीतर पूररेषा आखायला, आणि कुणीही आला तरी जाताना भिंतीवर लाल आकडा मारून जातो. त्यामुळे अशा पाहुण्याला इथला माणूस आधी पाणी विचारत नाही, 'कुठल्या खात्यातले?' असं विचारतो. पण भागोजीच्या डोक्यात रस्ता आला नाही की पूर आला नाही. 'नावाचा फोटो' एवढंच त्याच्या कानात राहिलं.

तसा हा माणूस जन्माचा संशयी. एसटीत शेजारचा प्रवासी झोपला की हा खिसा धरून बसायचा, आणि जागा राहिला तर तो का जागा, याचा विचार करत बसायचा. डॉक्टरने गोळी दिली की ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची. मुंबईहून मुलाने, सूरजने, सहज फोन केला तरी आधी विचार, "काय झालं?" लोक हसायचे आणि म्हणायचे, पेंटरचा स्वभावच तसा. स्वभाव वगैरे काही नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

त्यात रविवार तोंडावर आला होता. सुनील नुसता हॉटेलवाला नव्हता, समोरच्या तालमीच्या मंडळाचा चिटणीसही तोच. रविवारी मंडळ भागोजीचा सत्कार करणार होतं आणि तालमीच्या भिंतीवरच्या घोड्याशेजारी काळ्या दगडाची पाटी बसवणार होतं. पाटी कोरून आली होती, 'चित्रकार भागोजी पेंटर'. एकवीस सालच्या पुरात तालीम छपरापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर पोरांनी पाइप लावून चिखल धुतला, तर खालून तो काळा घोडा जसाच्या तसा निघाला. दारं फुगली होती, प्लॅस्टर सुटलं होतं, कपाटातली बक्षिसाची ढाल कुजली होती, आणि हा मात्र पुढचा पाय उचलून पुढे निघालेला. घर धुवायचं टाकून लोक बघायला आले. काही जणांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्या दिवसापासून भागोजी रंगाऱ्याचा चित्रकार झाला, आणि सहासष्टाव्या वर्षी मिळालेला हा मान त्याला फार, फार गोड वाटत होता.

आता खरं काय ते सांगून टाकतो. तो घोडा भागोजीने काढलेला नव्हता. महाड आणि पोलादपुरात मिळून त्याच्या नावाच्या सतरा भिंती होत्या, त्यांपैकी एकाही भिंतीवरचं एकही चित्र त्याचं नव्हतं. चित्रं त्याच्या बायकोने, जनीने, काढलेली होती. हे त्याला ठाऊक होतं, जनीला ठाऊक होतं, आणि आणखी कुणाला कळलं तर आपण बाजारात तोंड दाखवू शकणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

अक्षरांत मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. सूत मारून दोन रेघा घेतल्या की त्यांच्यामध्ये 'किराणा व भुसार' असं उमटायचं, की वाटावं छापखान्यातून आलंय. पण चित्र काढायला गेला की बोंब. एकदा त्याने दुधाच्या डेअरीवर गाय काढली, तर मालक म्हणाला, "कुत्रं झकास झालंय, आता गाय काढा."

जनी पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीची. चार नाचणीची शेतं आणि दावणीला भरपूर गुरं, असं तिचं माहेर. तिला बघायला गेलेल्या भागोजीने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने काढलेली म्हैस बघितली, आणि पोरीकडे बघायचं राहून म्हशीकडेच बघत बसला. ही कुणी काढली म्हणून विचारलं तेव्हा पोरीच्या बापाने, रामाने, ओशाळून सांगितलं, "पोरीला खोड हाय. लगीन झालं की जाईल."

लग्न झालं, खोड गेली नाही. गिरणीवाल्याने भिंतीवर बैलजोडी मागितली तेव्हा भागोजीने होकार देऊन टाकला आणि घरी येऊन डोकं धरून बसला. जनी म्हणाली, "मी काढते की." पण भर बाजारात बाई शिडीवर चढून भिंत रंगवतेय हे त्या काळात कोण खपवून घेणार? आणि खपवून घेतलं, तर नवऱ्याला काय येतं, असं कुणी विचारलं की? तेव्हा त्याने भिंतीपुढे गोणपाटाचा पडदा बांधला. लोकांना सांगितलं, "गणपतीच्या कारखान्यात डोळे लिवल्याशिवाय मूर्ती कुणाला दावत न्हाईत, तसंच हे. अर्धं चित्र बगितलं का दृष्ट लागते." गणपतीचं नाव घेतल्यावर कोण वाद घालतो? जनी डोक्यावर पदर घेऊन रंगाचे डबे घेऊन पडद्यामागे जायची, आणि पेंटरची बायको रंग कालवून देते बिचारी, असं लोक म्हणायचे. चित्र पुरं झालं की तिला घरी धाडायचं. मग पडदा सोडायचा, आणि जमलेल्या लोकांसमोर कोपऱ्यात ऐटीत नाव घालायचं.

त्याने तिला एक नेमही घालून दिला होता. त्या भिंतींवरून जाताना थांबायचं नाही, मान वर करायची नाही, लोकांना वास लागतो. जनीने तो नेम पाळला. पंधरा वर्षांपूर्वी पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्याची भिंत झाल्यावर ती म्हणाली, खांदा दुखतो, आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन फळीवर ठेवला तो ठेवलाच. तोवर सगळीकडे फ्लेक्स आले होते. पेंटर आता चित्रं का काढत नाही, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

चहा तसाच टाकून भागोजी निघाला. मुलगी त्याला गिरणीपाशीच सापडली. पंचविशीची, पाठीला पिशवी, पायात मळके बूट, हातात वही.

"कुठल्या खात्यातल्या तुमी?"

"खात्यातली नाही हो काका." ती हसली. "मी दिशा. नाते गावची, इथली जवळचीच, पण राहते डोंबिवलीला. लहान शहरांमध्ये रस्त्यावर जी चित्रं असतात ना, ती पायी फिरून बघता यावीत म्हणून नकाशा बनवतेय. पुढच्या आठवड्यात छापायला देणार. मग लोक नकाशा घेऊन येतील, चालत चालत एकेक भिंत बघतील."

"आणि बगून?"

"बघून घरी जातील."

यावर भागोजीने काडीचाही विश्वास ठेवला नाही. माणसं रायगडावर जातात, शिवथरच्या घळीत जातात. पिठाच्या गिरणीसमोर कोण कशाला पाय दुखवून घेईल? हिला कुणीतरी पाठवलंय. सत्काराआधी खरंखोटं करून घ्यायला मंडळानेच पाठवली नसेल कशावरून? हिला एकटी सोडली तर ही घरोघर विचारत सुटेल, म्हातारी माणसं काय वाट्टेल ते बोलतील. त्यापेक्षा आपल्या नजरेखाली असलेली बरी.

"चला," तो म्हणाला. "माझ्या भिंती मीच दावतो."

दिशाला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस.

दोघं दिवसभर चालले. जिथे ओळखीची म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात ते रस्ते टाळून भागोजीने तिला बोळाबोळांतून फिरवलं. गिरणीची बैलजोडी, शाळेच्या कुंपणावरची हरणं, जुन्या वखारीवरची शेळी आणि तिची दोन करडं. मुलगी प्रत्येक भिंतीला आधी लांबून बघायची, मग जवळून, मग पुन्हा मागे मागे चालत रस्त्याच्या पार पलीकडे जायची, इतकी की रिक्षावाले शिव्या घालायचे. आणि प्रश्न तरी किती. बैलाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका आधी काढायचा की शेवटी, असं तिने गिरणीपाशी विचारलं तेव्हा भागोजी म्हणाला, "आधी." शाळेपाशी हरणाच्या डोळ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "शेवटाला." तिने दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली. काही बोलली नाही, आणि न बोलणारा माणूस भागोजीला जास्त भ्यायला लावायचा.

"करडू असं मागचे पाय फाकवून उभं राहतं, हे कसं टिपलंत काका?"

"बगून बगून येतं."

"तुमच्याकडे शेळ्या होत्या?"

"व्हत्या... म्हंजे सासुरवाडीला."

हे त्याच्या तोंडातून निसटलं. तिने तेही लिहिलं.

तालमीपाशी पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. दिशा घोड्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग जवळ जाऊन टाचा उंचावून बघितलं आणि म्हणाली, "काका, एक विचारू? तुमच्या सगळ्या जनावरांच्या कानाला काप का आहे?"

"काप कसला? पोपडा गेला आसंल."

"चारही भिंतींवर? त्याच उजव्या कानाला?"

भागोजीने चष्मा वर सारला आणि पुढे झाला. घोड्याच्या उजव्या कानाला खालच्या कडेने एक तिरका काप होता. पोपडा नव्हता तो. कापाच्या कडेने बारीक ब्रशने रेघ फिरवलेली होती, जाणूनबुजून, सावकाश. या घोड्याखाली त्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव घातलं होतं, तीस वर्षं रोज इथून जात होता, आणि हा कान त्याने आज बघितला.

"ती आमची इस्टाइल हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आल्यावर तो जनीकडे चोरून बघत राहिला. ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती. हिने आपल्याला न सांगता सतरा भिंतींवर खूण घालून ठेवली? कशासाठी? कुणासाठी? ज्या बाईने तोंडातून कधी ब्र काढला नाही, तिच्या हातचा भात जेवताना आज त्याला पहिल्यांदा भीती वाटली. जेवताना त्याने आडून विचारलं, "तुमच्या वाडीला गुरांच्या कानाला काप का देत्यात गो?"

"रानात सगळ्यांची गुरं एका जागी चरतात. कुणाचं कुठलं ते कळाया नको?" ती म्हणाली आणि आमटी वाढून आत गेली.

शुक्रवारी मुलगी पोलादपूरला जाणार होती. भागोजीने तिला टाळायला हवं होतं, पण ज्याला आपलं बिंग फुटेल अशी भीती असते तो त्या बिंगापासून लांब राहू शकत नाही. सकाळच्या एसटीत तो तिच्या शेजारी बसला. पोलादपुरात उतरल्यावर त्याने तिला दोन दुकानांच्या जुन्या पाट्या दाखवल्या, त्या अगदी खरोखरच्या त्याच्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल तो भरभरून बोलला. मुलीने कौतुक केलं. मग म्हणाली, "आता गुरांचा दवाखाना."

"ती भित पार गेलीय. बगण्यासारकं काय नाय."

"जाऊन तर बघू. चालायलाच आलोय."

भिंत कुठेही गेली नव्हती. गाय वासराला चाटत होती आणि मागे डोंगराची धार होती, जनीच्या वाडीवरून दिसते तशी. भिंतीखालच्या सावलीत एक म्हातारा पायाला सूज आलेली शेळी घेऊन नंबर यायची वाट बघत बसला होता. भागोजीने त्याला ओळखलं. तो जनीच्या माहेरचा शेजारी होता, रायबा. ऐंशीच्या घरातला, कमी दिसणारा, पण तोंडाने पक्का. भागोजीने मान फिरवली, दिशाने नाही. तिने शेळीकडे बघितलं. शेळीच्या कानाच्या शेंड्याला काप होता.

"आजोबा, हा काप कशाचा?"

"आमच्या घरची खूण, पोरी. परत्येक घराची न्यारी आसते. आमचा शेंड्याला, भिकूच्या घरचा वरनं."

"आणि हा?" दिशाने भिंतीवरच्या गाईकडे बोट केलं.

रायबा उठला, भिंतीला नाक लागेल इतका जवळ गेला, बोटाने कान चाचपला. "उजवा कान, खालनं तिरका," तो म्हणाला. "हा तर रामाच्या घरचा. ही गाय रामाची हाय. कुणी काढली गो? रामाचं घर मिटलं की. एक पोर व्हती, जनी, ती दिली म्हाडला पेंटरला. लहानपनी कोळसा घिऊन भिती काळ्या करायची." आणि मग त्याने वळून बघितलं, डोळे बारीक केले. "कोन? जावयबापू काय वो?"

शेळीचा नंबर आला आणि रायबा आत गेला. बाहेर दोघंच उरले. भागोजी भिंतीला टेकून उभा होता. मुलीने वही मिटली होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "नकाशात प्रत्येक भिंतीपुढे नाव घालायचंय. काय घालू?"

"भितीवर लिवलंय तेच घाला."

"बरं."

"बरं म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही सांगाल तेच घालीन. मी भिंती बघायला आलेय, कुणाच्या घरात शिरायला नाही. उद्या सकाळी तालमीपाशी येते, तेव्हा एकदा शेवटचं सांगा."

ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. इतक्या सहज ऐकते म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, हा एकच विचार परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात घोळत राहिला. आणि मग महाडचा पूल येता येता त्याला वाटलं की आपल्याला सगळं समजलं. ही मुलगी मंडळाची नाही, सरकारची नाही. हिला जनीने आणलीय. खूण जनीने घालून ठेवायची, आणि रविवार जवळ आला की ती ओळखणारी माणसं उभी करायची.

घरात शिरता शिरताच तो म्हणाला, "तूच सांगितलंस तिला."

जनी दिवाबत्ती करत होती. "कुणाला?"

"त्या नाते गावच्या पोरीला. चित्रं तुझी हायेत म्हणून. कानाला काप घालून ठेवलेस तवाच तुझ्या मनात व्हतं. नाव पायजे ना तुला? मग तोंडानं बोलायचं व्हतंस. मागनं कशाला वार करतेस?"

जनीने हातातली काडी विझवली. मग वळली. आवाज चढला नव्हता, पण भागोजीने तो आवाज चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

"त्या पोरीला मी वळकत नाय. आन मी काय सांगणार तिला? माझी चित्रं कशी हायेत ते मला तरी कुठं म्हाइत हाय?"

"म्हंजे?"

"पडद्याच्या आत हुबं ऱ्हायाला दोन हात जागा. तिथनं मला काय दिसायचं? कान काढला तवा कान दिसला, खूर काढला तवा खूर दिसला. अख्खं जनावर मी कवा बगितलंच नाय. पडदा निघायच्या आधी तुमी मला घरी धाडलंत. नंतर म्हणालात, थांबायचं नाय, मान वर करायची नाय. दवाखान्याची गाय झाली तवा मी इचारलं व्हतं, येकदा लांबून बगून येऊ का? तुमी म्हणालात, कुणी बगितलं म्हंजे? तवा ठेवला मी ब्रश. खांद्याला काय धाड भरली नव्हती."

भागोजीला ते आठवलं. तिने विचारलं होतं, आणि त्याने ज्या आवाजात उत्तर दिलं होतं तोही आठवला.

"मग काप?"

"माझी गुरं व्हती ती. आमच्यात खुणेबिगार गुरं रानात सोडत न्हाईत. नावाचं माझ्या ध्यानातबी नव्हतं." ती चुलीकडे वळली. "नाव तुमच्या ध्यानात आसतं सारकं."

भागोजी खाली बसला. जगात सगळ्यांवर त्याने संशय घेतला, आणि जिचं खरोखर काहीतरी चोरलं होतं तिच्यावरही शेवटी चोरीचाच आळ घेतला. त्याला लाज वाटली. तशी लाज त्याला आधीही अधूनमधून वाटायची, पण ती पकडलं जाण्याची असायची. ही तशी नव्हती, कारण पकडायला आता कुणी उरलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याने चपला घातल्या आणि दारात उभा राहून म्हणाला, "चल."

"कुठं?"

"बगायला."

जनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, थट्टा करतोय का म्हणून. मग पदर नीट केला आणि निघाली. बाजारपेठेत गर्दी नुकती सुरू होत होती. तालीम जवळ आली तशी तिची मान आपोआप खाली गेली, पाय भरभर पडू लागले, आणि नेहमीसारखी ती भिंतीवरून पुढे निघूनही गेली. भागोजीला तिच्यामागे जाऊन तिचा हात धरावा लागला. भर रस्त्यात बायकोचा हात धरायची त्याची ही पहिलीच वेळ.

"थांब," तो म्हणाला. "इथनं बग. वर बग."

ती रस्त्याच्या पलीकडे, सुनीलच्या हॉटेलाच्या पायरीशी उभी राहिली आणि तिने मान वर केली. टेंपो गेले, दुधाच्या मोटारसायकली गेल्या. बाकड्यावर दिशा बसली होती, ती उठून उभी राहिली, पण जवळ आली नाही. जनी बघत होती. तिचे ओठ हलत होते, बहुधा ती मोजत होती. भागोजी घोड्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता, आणि ती रडेल असं त्याला वाटत होतं.

"मागचा पाय आखूड झालाय," जनी म्हणाली.

"आँ?"

"मागचा उजवा. दीड-दोन बोटं. आतनं कळलं नाय." ती त्याच्याकडे वळली. "तुमी रोज इथनं जात व्हतात. तुमाला दिसला नाय?"

"नाय," भागोजी म्हणाला. आणि मग, कधी नव्हे ते, विचार न करता खरं बोलला. "माझं ध्यान खालच्या नावाकडं आसायचं."

जनीने मान हलवली, जणू हे तिला माहीत होतंच. "काळा रंग हाय का घरात?"

सहासष्ट वर्षांचा माणूस घराकडे पळाला. काळ्या रंगाचा डबा, टर्पेंटाइन, खडू, चिंधी आणि पंधरा वर्षं फळीवर पडलेला ब्रश घेऊन आला. ब्रशचे केस ताठ झाले होते, ते जनीने टर्पेंटाइनमध्ये बोटांनी मऊ केले. तालमीतलं एक स्टूल मागून तिने ते भिंतीशी ठेवलं, त्यावर बसली आणि खडूने खुराखाली दोन बोटांवर रेघ घेतली. मग उठली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, बघितलं, परत आली, खडूची रेघ जरा डावीकडे सरकवली. पुन्हा पलीकडे गेली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तिने लक्ष दिलं नाही.

लोक जमू लागले. कुणीतरी विचारलं, "पेंटर, पडदा नाय बांधलात?" सुनील हात पुसत धावत आला. "अहो पेंटर, वहिनी चित्राला हात कशाला लावतायत? उद्या कार्यक्रम आहे."

भागोजीने आजूबाजूला पाहिलं. गर्दीत त्याला ओळखीचे सगळे चेहरे दिसत होते, गिरणीवाल्याचा मुलगा, शाळेचा शिपाई, आणि कडेला ती दिशा, जिची वही आजही मिटलेली होती.

"हात तिचाच हाय," तो म्हणाला. "पैल्यापासनं. घोडा तिनं काढलाय, सगळी चित्रं तिनं काढलीत. मी आक्षरं काढायचो." मग दिशाकडे बघून म्हणाला, "नाव काय घालायचं ते तिला इचारा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, ते त्याने ऐकलं, आणि हे हसू आता आयुष्यभर ऐकायचं आहे हेही त्याला कळलं.

सुनीलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अहो पण पाटी कोरून आलीय," तो म्हणाला. "दगडावर आहे, पुसता येत नाही. त्याचं काय करायचं?"

"ते मागनं ठरवा," जनी मान न वळवता म्हणाली. तिने ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठाला निपटला, आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

भागोजी पेंटर बाजूला झाला.